पाठ असावे असे रसायनशास्त्र : गुहागर परिसरातील काही धडे

गुहागर तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या तालुक्यात गोड्या पाण्याची विहीर, जांभ्या दगडाचे घर, नारळी-पोफळीची वाडी, आंबा-काजूची कलमे आणि वेलदूरसारख्या बंदरांतील मासेमारीच्या नौका हे लोकजीवनाचे आधार होत. तालुक्याची माहिती देताना व्याडेश्वराचे देवालय, लांबच लांब पुळण आणि सुरूचे बन यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. रसायनशास्त्राचे नाव मात्र कोणी घेत नाही. वस्तुतः विहिरीत पडणारी टीसीएल पावडर, भांड्याची कल्हई, नौकेच्या तळाला बसविलेली जस्ताची वडी आणि अंजनवेलच्या बाजूला उतरणारा अतिशीत वायू ही सारी नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकातील रसायनशास्त्राचीच उदाहरणे आहेत. विद्यार्थ्यांनी या विषयातील नेमके काय मुखोद्गत करावे आणि त्याचा गावाला काय उपयोग, याचा विचार शिक्षकांबरोबर ग्रामपंचायत सदस्यांनीही करावा, या हेतूने ही माहिती येथे दिली आहे.

पाढे आणि संयुजा

पाठांतराविषयी शिक्षकवर्गात दोन टोकाची मते आढळतात. काहींच्या मते घोकंपट्टीने विज्ञानाची हानी होते. काहींच्या मते पाठ नसेल तर परीक्षेत निभाव लागत नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने त्याने या वादात न्यायनिवाडा करू नये हे उचित. परंतु एवढे म्हणता येईल की, ज्यास पाढे येत नाहीत त्याला त्रैराशिक समजत असूनही सोडविता येत नाही. आणि ज्यास संज्ञा व संयुजा पाठ नाहीत त्याला रासायनिक समीकरण समजत असूनही मांडता येत नाही. पाठ करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. त्या थोड्याच ठेवल्या, तर उरलेले सर्व विचाराने काढता येते.

पहिली गोष्ट म्हणजे आवर्त सारणीतील पहिली वीस मूलद्रव्ये, हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत, अणुअंकाच्या क्रमाने. क्रम पाठ झाला की इलेक्ट्रॉन संरूपण आपोआप मांडता येते; त्यासाठी दोन, आठ, आठ, दोन हा शेवटचा आकडा तेवढा ध्यानात ठेवावा. सोडिअम अकरावा, म्हणजे दोन, आठ, एक. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून संयुजा एक. क्लोरीन सतरावा, म्हणजे दोन, आठ, सात. आठास एक कमी, म्हणून त्याचीही संयुजा एक. मीठ एकास एक या प्रमाणात का बनते, याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

दुसरी गोष्ट संज्ञांची. बहुतेक संज्ञा इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आल्या असल्याने त्या जड जात नाहीत. विद्यार्थी अडखळतात ते लॅटिन नावांवरून आलेल्या संज्ञांपाशी. सोडिअमचे नेट्रियम म्हणून 'एन-ए', पोटॅशिअमचे कॅलियम म्हणून 'के', लोखंडाचे फेरम म्हणून 'एफ-ई', तांब्याचे क्युप्रम म्हणून 'सी-यू', चांदीचे अर्जेंटम म्हणून 'ए-जी', सोन्याचे ऑरम म्हणून 'ए-यू', शिशाचे प्लंबम म्हणून 'पी-बी', कथिलाचे स्टॅनम म्हणून 'एस-एन' आणि पाऱ्याचे हायड्रार्जिरम म्हणून 'एच-जी'. अँटिमनी व टंगस्टन ही आणखी दोन धरली की यादी संपली. मूळ नाव एकदा सांगितले की संज्ञा विसरत नाही, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक दुहेरी नामावली असते. घरी व शेतात तो नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब, गंधक हे शब्द ऐकतो. शाळेत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशिअम, कार्बन, सल्फर शिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्या लेखकांनी हे शास्त्र मराठीत आणण्याचे परिश्रम घेतले, तेव्हापासून दोन्ही नावे नांदत आहेत. खताच्या गोणीवरील तीन आकडे वाचताना ही जोडी उपयोगी पडते. युरियाचे रेणुवस्तुमान ६० आणि त्यात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे २८. यावरून शेकडा ४६ हे प्रमाण विद्यार्थी स्वतः काढू शकतो आणि ४५ किलोच्या गोणीत नत्र सुमारे २१ किलोच आहे, हे वडिलांना सांगू शकतो.

संयुजांपैकी हायड्रोजन, सोडिअम, पोटॅशिअम, चांदी व क्लोरीन यांची एक, ऑक्सिजन, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम व जस्त यांची दोन, अ‍ॅल्युमिनिअमची तीन, कार्बनची चार. लोखंडाची दोन किंवा तीन आणि तांब्याची एक किंवा दोन, हे अपवाद वेगळे पाठ करावेत. मूलकांपैकी अमोनिअम, हायड्रॉक्साइड, नायट्रेट व बायकार्बोनेट यांची एक, कार्बोनेट व सल्फेट यांची दोन, फॉस्फेटची तीन. एवढे येत असल्यास संयुजांच्या तिरकस गुणाकाराने शेकडो रेणुसूत्रे मांडता येतात. गुहागरच्या घराघरांत जो जांभा वापरला आहे, त्यात लोह व अ‍ॅल्युमिनिअम यांची ऑक्साइडे मुबलक असतात. त्याचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडाचा. तीन संयुजेचा धातू आणि दोन संयुजेचा ऑक्सिजन, म्हणून धातूचे दोन अणू व ऑक्सिजनचे तीन. भिंतीकडे बोट दाखवून शिकविता येणारे हे सूत्र आहे.

शिंपल्यांचा चुना

सिमेंट येण्यापूर्वी कोकणातील बांधकाम चुन्यावर उभे होते आणि किनाऱ्यावर हा चुना शिंपल्यांपासून भाजून काढीत. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. भट्टीत तो तापविला असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुनकळी म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड उरते. ही अपघटन अभिक्रिया. चुनकळीवर पाणी टाकले की ती फसफसून तापते व विरलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड तयार होते. ही संयोग अभिक्रिया, आणि उष्णतादायी. भिंतीला लावलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व त्याचे पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट बनते. शिंपला भट्टीतून व पाण्यातून फिरून भिंतीवर पुन्हा शिंपलाच होतो. पाठ्यपुस्तकातील तीन समीकरणे एकाच पदार्थाच्या प्रवासात गुंफलेली आहेत, ती तशीच एका दमात शिकवावीत.

येथे अणुवस्तुमानांकांची गरज पडते. हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडिअम २३, मॅग्नेशिअम २४, अ‍ॅल्युमिनिअम २७, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, कॅल्शिअम ४०, लोखंड ५६ हे अकरा आकडे पाढ्यांसारखे तोंडी असावेत. कॅल्शिअम कार्बोनेटचे वस्तुमान ४० अधिक १२ अधिक ४८, म्हणजे बरोबर १००. त्यातून ४४ भाग वायू जातो व ५६ भाग चुनकळी उरते. शंभर किलो शुद्ध, कोरडे शिंपले भाजले, तर छप्पन किलोंपेक्षा अधिक चुनकळी कोणत्याही भट्टीतून निघणार नाही. द्रव्य अक्षय्यतेचा नियम या उदाहरणाने जितका ठसतो तितका व्याख्येने ठसत नाही.

विरलेला चुना पाण्यात ढवळून निवळू दिला की वर राहते ती चुन्याची निवळी. फुंकनळीने त्यात श्वास सोडला असता ती दुधाळ होते. कार्बन डायऑक्साइड ओळखण्याची ही कसोटी. जास्त वेळ वायू सोडल्यास दुधाळपणा नाहीसा होतो, कारण पाण्यात विरघळणारे कॅल्शिअम बायकार्बोनेट बनते. हा पुढचा भाग परीक्षेत हमखास विचारला जातो आणि विद्यार्थी तो हमखास विसरतात.

विहीर, टीसीएल पावडर आणि एक गणित

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर खरेदी करते व जलसुरक्षक जी विहिरीत किंवा टाकीत टाकतो, ती म्हणजे विरंजक चूर्ण होय. कोरड्या विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ते तयार करतात. उष्ण प्रदेशात ते टिकावे म्हणून त्यात जादा चुना मिसळलेला असतो. 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम' या नावाची आद्याक्षरे म्हणजेच टीसीएल. चांगल्या, ताज्या चूर्णात उपयोगी क्लोरीन वजनाच्या सुमारे शेकडा ३३ असतो.

येथे पाठ असावे असे विधान एकच आहे. विरंजक चूर्णाचा आम्लाशी संयोग झाला की क्लोरीन वायू मुक्त होतो. हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड हेसुद्धा हे काम मंदगतीने करतात. पिशवी उघडताच जो उग्र वास येतो तो निसटून चाललेल्या क्लोरीनचा. कोकणातील दमट हवेत तोंड उघडी राहिलेली पिशवी काही आठवड्यांत निकामी होऊ लागते. रंग पांढराच राहतो, वजनही जवळजवळ तेवढेच भरते, आणि साठा नोंदवहीत पुरेसा दिसतो. पाणी मात्र निर्जंतुक होत नाही. साथीच्या दिवसांत याची किंमत लहान मुलांना चुकवावी लागते. म्हणून पावडर हवाबंद डब्यात, कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी, धातूच्या पेटीपासून दूर ठेवावी आणि खरेदीची तारीख डब्यावर लिहावी. क्लोरीनचे प्रमाण शेकडा २० च्या खाली गेलेली पावडर वापरण्यायोग्य मानली जात नाही.

आता गणित. गोल विहिरीतील पाणी लिटरमध्ये काढावयाचे असल्यास व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची गुणिले ७८५. मापे मीटरमध्ये घ्यावीत. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर १६ गुणिले ३ गुणिले ७८५, म्हणजे ३७,६८० लिटर. उत्तम प्रतीचे चूर्ण दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, असा आरोग्यशास्त्राचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्या हिशेबाने या विहिरीला सुमारे ९४ ग्रॅम पुरते. चूर्णाचा जोर निम्म्यावर आला असेल, तर १८८ ग्रॅम लागेल. पावसाळ्यात लाल माती उतरून पाणी गढूळ झाले की सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. तेव्हा मात्रा वाढवावी लागते व ती किती, हे आरोग्य खात्याकडील हॉरॉक्सच्या साधनाने ठरविता येते.

अडीच ग्रॅम चूर्णात शेकडा ३३ प्रमाणे सुमारे ०.८ ग्रॅम क्लोरीन असतो. तो हजार लिटरमध्ये मिसळला असता प्रत्येक लिटरला ०.८ मिलिग्रॅम पडतो. यांपैकी काही जंतू व घाण यांवर खर्च होतो. उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. तो आहे किंवा नाही हे ऑर्थोटोलिडिनच्या द्रावणाने पाहतात. क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. अलीकडे डी.पी.डी. गोळीचा वापर वाढत आहे, तिने पाणी गुलाबी होते. ऑर्थोटोलिडिन विषारी असल्याने चाचणीचे पाणी पिऊ नये, हाताला लागू देऊ नये.

चूर्ण थेट विहिरीत उधळण्याची पद्धत सर्रास दिसते. ती बरोबर नाही. बादलीत थोड्या पाण्यात त्याची पेस्ट करावी, पाणी वाढवून ढवळावे आणि दहा-पंधरा मिनिटे चुना तळाशी बसू द्यावा. वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी व खाली-वर हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. त्यानंतर एक तास पाणी उपसू नये. शाळेच्या प्रयोगशाळेतील 'द्रावण', 'निवळणे' आणि 'सांद्रता' हे तीन शब्द या एका कृतीत येऊन जातात.

शौचालये धुताना दोन पदार्थ एकत्र करण्याची सवय धोक्याची आहे. फरशी साफ करण्याच्या आम्लात विरंजक चूर्ण टाकल्यास क्लोरीन वायू भपकन बाहेर पडतो आणि बंद जागेत तो प्राणघातक ठरू शकतो. शाळांतील सफाई करणाऱ्या व्यक्तींना हे सांगणे मुख्याध्यापकांचे कर्तव्य होय.

आमसूल, हळद आणि सामू

आम्ल व आम्लारी यांचे दर्शक पाठ करावे लागतात. लिटमस आम्लात तांबडा व आम्लारीत निळा. फिनॉल्फ्थॅलिन आम्लात रंगहीन व आम्लारीत गुलाबी. मिथिल ऑरेंज आम्लात तांबडा व आम्लारीत पिवळा. दुर्गम शाळेत ही रसायने संपली तरी अडू नये. कोकमाच्या आगळात जे तांबडे रंगद्रव्य असते, तेही दर्शकच आहे. पाण्यात पातळ केलेल्या आगळात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकल्यास तांबडा रंग जाऊन निळसर-हिरवट छटा येते. लिंबू पिळले की तांबडेपणा परततो. हळद आम्लारीत लाल होते, म्हणूनच हळदीस चुना लावून कुंकू करीत आणि हळदीचा डाग साबणाने लाल होतो. आम्लात मात्र हळद पिवळीच राहते. साहजिकच ती अर्धेच उत्तर देते, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

सामू सात म्हणजे उदासीन, खाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी. सामू एकाने बदलला म्हणजे आम्लता दहापटीने बदलते. ही गोष्ट लक्षात राहिली नाही तर आकडे निरर्थक होत. स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सामू ५.६ च्या आसपास, कारण त्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळतो. समुद्राचा सुमारे ८.१. पिण्याच्या पाण्याचा ६.५ ते ८.५ असावा. तो आठाच्या वर गेला तर क्लोरीनची जंतुनाशक शक्ती उणावते.

आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे. हे वाक्य प्रयोगशाळेच्या दारावर लिहावे.

जस्ताची वडी आणि कल्हईचे भांडे

धातूंची क्रियाशीलता श्रेणी अशी : पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, अ‍ॅल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, नंतर हायड्रोजन आणि त्याखाली तांबे, पारा, चांदी, सोने. वरचा धातू खालच्या धातूस त्याच्या क्षाराच्या द्रावणातून विस्थापित करतो. हायड्रोजनच्या वरचे धातू आम्लांतून हायड्रोजन मुक्त करतात. एवढी दोन वाक्ये आणि ही श्रेणी यांवर एक संपूर्ण प्रकरण उभे आहे.

लोखंड गंजण्यास पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात. मीठ गंज निर्माण करीत नाही. परंतु खारट ओल विजेची चांगली वाहक असल्याने गंजण्याची क्रिया फार जलद होते. समुद्रकाठच्या शाळेच्या खिडक्यांचे गज घाटावरच्या शाळेपेक्षा लवकर का झिजतात, याचे हे कारण. वेलदूरच्या धक्क्यावर ओढून घेतलेल्या यांत्रिक नौकेच्या पंख्याजवळ व सुकाणूवर जस्ताच्या वड्या बसविलेल्या दिसतात. जस्त श्रेणीत लोखंडाच्या वर असल्याने ते आधी झिजते व लोखंड वाचते. वडी संपत आली की बदलतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी पत्रा लगेच गंजत नाही, तेही यामुळेच. कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे उलट होते. कथील लोखंडाच्या खाली असल्याने ओरखडा पडताच लोखंड आधी गंजू लागते.

पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे आजीला ठाऊक असते. आम्ल व हवेतील ऑक्सिजन यांच्या एकत्रित परिणामाने तांब्याचे विषारी क्षार अन्नात उतरतात. तांबे हायड्रोजनच्या खाली आहे, मग आम्लाचा परिणाम कसा, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. त्यास ऑक्सिजनचे उत्तर द्यावे. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. उष्णतेने त्यातून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर साफ होतो. मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरविले जाते. कल्हईवाले आता क्वचितच फिरकतात. एखादा आला, तर त्याला शाळेच्या अंगणात बोलवावे.

हवेपेक्षा हलके, हवेपेक्षा जड

हवेत नायट्रोजन शेकडा ७८, ऑक्सिजन २१ व आर्गॉन ०.९. यावरून हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९ येते. हा २९ चा आकडा पाठ असणे फार उपयोगाचे आहे, कारण कोणताही वायू वर जाईल की खाली साचेल, हे त्याच्याशी तुलना करून कळते.

अंजनवेल-वेलदूर परिसरातील वीज प्रकल्प महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी २००५ मध्ये स्थापन झाल्यावर २००६ मध्ये पुन्हा चालू झाला. तेथील द्रवरूप नैसर्गिक वायूच्या केंद्रात २०१३ पासून जहाजाने वायू उतरू लागला. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. कार्बनचा एक अणू व हायड्रोजनचे चार. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर तो द्रव होतो व त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. म्हणूनच तो जहाजातून नेणे परवडते. मिथेनचे रेणुवस्तुमान १६, म्हणजे नेहमीच्या तापमानास तो हवेपेक्षा हलका; मात्र सांडलेला अतिशीत वायू तापेपर्यंत जमिनीलगतच राहतो.

घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन असतात. त्यांची रेणुवस्तुमाने ४४ व ५८. गळती झाल्यास हा वायू जमिनीवर पसरतो, ओट्याखाली व मोरीत साचतो. त्यास स्वतःचा वास नसतो. इशाऱ्यासाठी मर्कॅप्टन मिसळलेले असते. वास आल्यास खालच्या पातळीची दारे उघडावीत व विजेचे बटण खाली किंवा वर काहीच करू नये. कार्बन मोनॉक्साइडचे वस्तुमान २८, हवेइतकेच, आणि त्याला वासही नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये ते यासाठी.

कार्बन डायऑक्साइड ४४. वापरात नसलेल्या खोल विहिरीत तो तळाशी साचतो व ऑक्सिजन उरत नाही. गाळ काढण्यासाठी उतरलेला मनुष्य कोसळतो, त्यास वाचवावयास गेलेला दुसराही कोसळतो, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. विहिरीत आधी पेटता कंदील सोडून पाहावा. तो विझला तर उतरू नये. ही रीत शौचालयाच्या टाकीला मात्र लावू नये. तेथे मिथेन असल्याने स्फोट होऊ शकतो आणि हायड्रोजन सल्फाइडही असते. अशा टाकीत माणूस उतरविणे कायद्यानेही निषिद्ध आहे.

आंब्याच्या हंगामात आणखी एक समीकरण गावात येते. कॅल्शिअम कार्बाइडवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू निर्माण होतो व फळाचा रंग पालटतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसची विषारी संयुगे मिसळलेली असल्याने फळे पिकविण्यास त्यावर बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे, आणि पेंढ्यातली अढी तर आहेच.

पालटणारे आकडे

पाठ केलेले सगळेच कायम राहत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शेकडा ०.०३ असे मागील पिढीने पाठ केले. १९८० च्या सुमारास ते ०.०३४ होते, आता ०.०४२ च्या वर गेले आहे. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. आज ११८ आहेत व शेवटच्या चारांची नावे नोव्हेंबर २०१६ मध्ये मान्य झाली. हेलियमचा शोध शेजारच्या सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, असे कोकणात अभिमानाने सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली हे खरे. पण जान्सेन त्या दिवशी गुंटूर येथे होता आणि लॉकियरने आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये केले. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, रॅम्से यांना. परीक्षेच्या उत्तरात एवढेच लिहावे.

उन्हाळ्यातील नोंद

दहावीच्या पुस्तकात दुहेरी विस्थापनाचे उदाहरण म्हणून सिल्व्हर नायट्रेट व सोडिअम क्लोराइड दिलेले असते. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. किनाऱ्यालगतच्या गावांत हा प्रयोग परीक्षानळीत संपवू नये. भूजल उपसून खाली गेले की समुद्राचे पाणी आत शिरते व विहिरी मचूळ होतात. क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसल्यास १,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे मानक आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे थोडीशी सरमिसळही जिभेआधी परीक्षानळीत दिसते.

जानेवारीपासून जूनपर्यंत दर पंधरवड्यास त्याच विहिरींचे पाणी घ्यावे. प्रत्येक नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे सारखेच थेंब टाकावेत आणि तुलनेसाठी बॅटरीत घालावयाचे ऊर्ध्वपातित पाणी शेजारी ठेवावे. द्रावण हाताला लागल्यास काळे डाग पडतात, म्हणून काळजी घ्यावी. ढगाळपणा वाढत गेलेला दिसल्यास जल जीवन मिशनखाली गावात आलेल्या क्षेत्रीय तपासणी संचाने थेंब मोजून आकडा काढावा. तो संच वापरण्याचे प्रशिक्षण गावातील महिलांना देण्यात आले आहे, त्यांना शाळेत पाचारण करावे. विहिरीचे नाव, तारीख, पाण्याची उंची व क्लोराइड अशा चार रकान्यांची वही शाळेत ठेवावी आणि तिची एक प्रत मेच्या ग्रामसभेपूर्वी ग्रामपंचायतीस द्यावी. कोणत्या विहिरीवर पंप बसवू नये, हे ठरविताना ती पुढ्यात असलेली बरी.